एकेचाळिसावी किंकाळी

पस्तीस वर्षं मी लोकांचे खोकले कापले. धंदा काय म्हणून कोणी विचारलं तर मी हेच सांगतो, कारण 'ध्वनिमुद्रण' म्हटलं की लोक लगेच कुठल्यातरी मोठ्या गायकाला भेटलात का म्हणून विचारतात. मी कोणालाही भेटलो नाही. नागपुरात नंदनवनला आमच्या घराच्या तळमजल्यावर एक खोली, भिंतींना कापसाच्या गाद्या ठोकलेल्या, दाराला दुहेरी पल्ले, मधे काच. काचेच्या त्या बाजूला बोलणारा, या बाजूला कानावर हेडफोन लावून मी. भीमगीतं, देवीची भजनं, निवडणुकीच्या ऑटोवरच्या घोषणा, शहराबाहेरच्या वाडीच्या गोदामांसाठी 'सावधान, गाडी मागे येत आहे' असलं सगळं त्या खोलीतून गेलं.

खोकल्यावरून आठवलं. काटोलचे एक गृहस्थ संत्र्याची कलमं विकायचे. गाडीवर भोंगा लावून गावोगाव फिरायचं, तर जाहिरात स्वतःच्याच आवाजात हवी असा त्यांचा हट्ट. प्रत्येक वाक्याच्या शेवटी खोकायचे. मी दिवसभर बसून एकूण एक खोकला कापला, श्वाससुद्धा साफ केले आणि मोठ्या ऐटीत कॅसेट दिली. आठवड्याभरात परत आले, लालबुंद होऊन. "माहा खोकला कुठं गेला? लोक म्हणून राहिले, हा दुसराच मानूस आला!" त्यांची गिऱ्हाइकं त्यांना खोकल्यावरूनच ओळखायची. मग जुन्या टेपमधून खोकले शोधून काढून पुन्हा जागच्या जागी बसवले. बायको आठ दिवस हसत होती.

हे सांगण्याचं कारण एवढंच की माझ्या कानातून काही सुटत नाही. हा गर्व नाही, धंद्याने लावलेली खोड आहे. समोरच्याने सकाळी दही खाल्लंय की नाही हे मला त्याच्या 'ह'वरून कळतं. लग्नात सनई वाजत असली तर मला मांडवामागच्या जनरेटरची घरघर आधी ऐकू येते. हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, पुढे त्याचं काम पडेल.

दुसरी गोष्ट अनसूयाबाईंची. भीमगीतं गायच्या, खड्या आवाजात, माइक तीन हात लांब ठेवावा लागायचा. एकदा मी घाईत होतो म्हणून सगळ्यांत चढं गाणं पहिल्यांदा घेऊ म्हणालो. बाईंनी पदर खोचला आणि खाली बसल्या. "आधी गळा तापू दे गा. जे फाडाचं ते शेवटी फाडू. गळा एकदा फाटला का मंग बाकीची गाणी तू म्हणशीन का?" मी त्याच दिवशी काचेशेजारच्या गादीवर मार्करने लिहिलं: चढं शेवटी. पुढे मला कळलं की जगभर हाच नियम आहे. ओरडायचं, किंचाळायचं काम नेहमी सगळ्यांत शेवटी घ्यायचं. अनसूयाबाई आता नाहीत. अक्षरं मात्र या उन्हाळ्यापर्यंत तिथेच होती, जरा फिकट झालेली.

आता मूळ गोष्ट. ती मला लिहायची नव्हती. दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'गमतीदार गिऱ्हाइकं' मागितली होती, ती वर दोन दिली.

बंगळूरूहून रेणुका नावाच्या एका बाईंचा फोन आला. संगणकावरच्या खेळांचे आवाज जमवणं हे त्यांचं काम. एक युद्धाचा खेळ आधीच बाजारात होता, त्याची पुरवणी निघणार होती. पुरवणी म्हणजे काय ते मलाही त्यांनीच समजावलं. मूळ खेळ तोच, पण त्यात नवा प्रदेश, नवी सैन्यं, नवी शस्त्रं घालायची, म्हणजे कंटाळलेला खेळाडू पुन्हा बसतो. या पुरवणीत भूमध्य समुद्र होता, दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा. रोम आणि कार्थेज. वल्ह्यांची जहाजं एकमेकांच्या कुशीत घुसवायची, बंदरांना वेढे घालायचे, हत्ती सोडायचे. खेळणारा सेनापती. तो वरून बघतो, त्याला सैनिक मुंग्यांएवढे दिसतात. तो बोट दाखवतो आणि मुंग्या मरायला जातात.

"पण हे काम नागपूरला कसं?" मी विचारलं.

रेणुकाबाईंचं उत्तर सरळ होतं. हुकूम, भाषणं, सेनापतींचे संवाद हे सगळं परदेशात इंग्रजीत झालेलं होतं. राहिलं होतं ते मरणं. मरताना भाषा लागत नाही, त्यामुळे ते कुठेही घेता येतं. त्यांना दणकट, गावरान, न शिकवलेले आवाज हवे होते.

त्यांनी तक्ता पाठवला. बाण, छातीत. भाला, पोटात. तटावरून पडणे. चिलखतासह बुडणे. हत्तीखाली. जळणे, लांब. जळणे, छोटे. आणि प्रत्येकाचे आठ-आठ प्रकार, कारण एकाच लढाईत तीच किंकाळी दोनदा ऐकू आली की खेळणाऱ्याला हसू येतं. कान पुनरावृत्ती लगेच पकडतो. तक्त्याच्या शेवटी हलकी कामं होती: वल्ही मारतानाचं हुंकारणं, धावताना लागलेली धाप, ओझं उचलताना निघणारा आवाज. बायकोने तक्ता माझ्या खांद्यावरून वाचला आणि सरळ स्वयंपाकघरात गेली.

मला लगेच श्यामराव आठवले.

श्यामराव झाडीपट्टीचे खलनायक. ज्यांना झाडीपट्टी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या पूर्व विदर्भात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, आणि मंडईत रात्रभर नाटक. वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, तिथे हंगामाच्या आधी नटांचे करार होतात. शेतात मंडप, हजारो माणसं, मागच्या माणसाला नटाचं तोंडही दिसत नाही. तिथे आवाजच सगळं. आता माइक टांगलेले असतात, पण श्यामराव त्यांच्याकडे कधी बघायचे नाहीत. ते विंगेतूनच गर्जना करत यायचे आणि पुढच्या रांगेतली लेकरं आईच्या कुशीत शिरायची. हंगाम नसला की ते वाडीला मुलीकडे राहायचे. मुलगी वनिता तिथल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला, नवरा नाही, एका खोलीत बापलेक. त्या वर्षी नाटक कंपनीच्या मालकाने त्यांच्यासाठी मुद्दाम नाटक लिहून घेतलं होतं. पोस्टरवर त्यांचा फोटो नायकापेक्षा मोठा छापला होता. चोपन्नाव्या वर्षी असं घडणं म्हणजे त्या माणसाच्या आयुष्याची दिवाळीच होती. पोस्टर त्यांनी मला गुंडाळी करून आणून दाखवलं.

पोळा होऊन, मारबतींची मिरवणूक आटोपून शहर शांत झालं, तेव्हा आम्ही काम धरलं.

रेणुकाबाई फोनवरून ऐकत होत्या, एकच्या सुमाराला त्यांना दुसरीकडे जायचं होतं. "सर, पहले मरनेवाले कर लेते हैं. बाकी तो मेरे बिना भी हो जाएगा." मी म्हणालो, आमच्याकडे चढं शेवटी घेण्याची पद्धत आहे. म्हणालो, पण पुटपुटलो. मोठ्या गिऱ्हाइकापुढे माझी जीभ जरा जड होते, पहिल्यापासून. श्यामरावांनी काचेपलीकडून ऐकलं आणि छाती फुगवली. "मी काय लेकरू आहो का गा? रातभर तीन तीन अंक वरडतो मी. हो म्हन तिले." माझ्या कोपराजवळच्या गादीवर अनसूयाबाईंचा नियम लिहिलेला होता. मी हो म्हटलं.

श्यामरावांनी पहिलीच अडचण काढली. "हा कोन आहे? मरून राहिला तो कोन?" मी म्हटलं, कोणी नाही, सैनिक. ते ऐकेनात. कोण आहे ते कळल्याशिवाय मरता येत नाही म्हणाले. मग प्रत्येकाला त्यांनी माणूस दिला. बाण लागलेला नुकताच लग्न झालेला. हत्तीखाली गेलेला म्हातारा माहूत. जळणारा म्हणजे जहाजाच्या तळाशी साखळीने बांधलेला वल्हेकरी. रेणुकाबाईंनी मधेच सांगितलं की त्या काळी वल्हेकरी बांधलेले नसत, मोकळे असत. श्यामराव विचारात पडले. "मोकळाच आहे? मंग त्याले शिडी सापडून नाही राहिली. धूर आहे ना." आणि त्यांनी हात वर केला, काळोखात शिडी चाचपडणारा. मी पस्तीस वर्षांत काचेपलीकडे इतकं खरं काही पाहिलं नव्हतं. अंगावर काटा आला, हे लिहायला लाज वाटत नाही.

एकेचाळिसावी किंकाळी त्या वल्हेकऱ्याची. जळणे, लांब, पहिला प्रकार. आवाज चढत गेला, चढत गेला, आणि वर पोचल्यावर त्याच्या खालून दुसरा एक आवाज निघाला. जुनं धोतर टरकावं तसा, बारीक. मग दोन्ही एकदम थांबले. मला तो अभिनय वाटला. दुसऱ्या कानात रेणुकाबाई म्हणत होत्या, "हे भगवान. ये रखिए, ये तो कमाल है." मी तक्त्यात एकेचाळीससमोर पिवळी चांदणी लावली. उत्तम टेकला आम्ही चांदणी लावतो. श्यामराव खोकले, कोमट पाणी प्यायले, म्हणाले, "बराबर झालं का?"

"फस्क्लास," मी म्हणालो. त्यानंतर पंधरा किंकाळ्या घेतल्या. वल्हेकऱ्यांच्या हुंकारापर्यंत पोचलो तोवर त्यांचा आवाज बसला होता. हुंकाराला तो चालून गेला.

इथपर्यंतचं कदाचित निभावलं असतं. पण तीन दिवसांनी रेणुकाबाईंचा निरोप आला की एकेचाळीस सगळ्यांना फार आवडली आहे, तशाच आणखी आठ हव्यात. तशाच, तो खालचा आवाज असलेल्या. मी वाडीला फोन लावला. वनिताने घेतला.

"काका, बाबाचा गळा पुरा बसला आहे. कालपासून हळद-दूध देऊन राहिले मी."

"राहू दे मग वं. पुढच्या आठवड्यात पाहू," असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "विचारून तर पाय त्याईले."

फोन श्यामरावांनी घेतला. घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाले, "येतो गा. त्याईले आवडलं न?"

ते आले. पाच झाल्या. सहाव्याला तोंड उघडलं, मानेच्या शिरा फुगल्या आणि हेडफोनमध्ये फक्त हवा आली. ते माझ्याकडे काचेतून बघत होते, लाइट गेल्यावर माणूस बटणाकडे बघतो तसे.

डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं. स्वरतंतूत रक्त साकळलं होतं. पहिल्यांदा थोडं फाटलं असेल, तेव्हा गप्प बसले असते तर भरून आलं असतं. त्यावर पुन्हा ताण दिला, असं ते म्हणाले. सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही. श्यामराव वनिताच्या ऑफिसातल्या कोऱ्या बिल्ट्यांच्या, म्हणजे मालाच्या पावत्यांच्या, पाठीवर लिहून बोलायला लागले. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला पहिली बिल्टी दिली, तिच्यावर दोनच शब्द होते: सीजन आहे. खाली दिवाळीची तारीख.

जिन्यापर्यंत सोडायला वनिता आली. ती भांडली नाही, आवाजही चढवला नाही. "काका, तुमी त्याच दिवशी थांबवलं काहून नाही? तुमाले तर सारं ऐकू येते."

"मले अ‍ॅक्टिंग वाटली वं," मी म्हणालो.

सहा आठवड्यांनी तिथे वण राहिला होता. बोलणं आलं, पण ते कुजबुजण्यासारखं, वाक्याच्या मधेच विरणारं. मालकाने भूमिका दुसऱ्याला दिली. नवी पोस्टरं छापली. मालक वाईट नव्हता, त्याने नाटकात श्यामरावांसाठी एक मुका बाप लिहून घातला. दुसऱ्या अंकात खलनायक त्या बापाला मारतो.

दिवाळी होऊन दोन दिवस झाले होते. श्यामराव आणि वनिता नंदनवनला आले. नाटकातल्या मुक्या बापाला मरताना एक किंकाळी हवी होती. "मुका असला तरी मरताना वरडीनच ना," श्यामराव कुजबुजले. "तोंड मी उघडतो. आवाज तू पेन ड्राइव्हमधून दे. तुह्यापाशी आहे ना माहा आवाज?"

खेळाच्या कंपनीशी झालेल्या करारानुसार तो आवाज आता त्यांचाही नव्हता आणि माझाही नव्हता. मी फाइली पुसायला हव्या होत्या. पुसल्या नव्हत्या. एकेक वाजवायला लागलो. श्यामराव डोळे मिटून ऐकत होते, मधून मधून बोट हलवायचे. हा लग्नवाला. हा माहूत. नऊ नंबर खोटा आहे, त्या दिवशी पोट भरलेलं होतं. वनिता खिडकीशी उभी राहून बाहेर बघत होती.

एकेचाळीस लागली. संपली. श्यामरावांनी डोळे उघडले. "हाच."

"श्यामराव, हा नका घेऊ. याच्यात तुमचा..."

"मले मालूम आहे. मी आतच होतो ना." त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "हे चांदणी कायची?"

"चांगल्या टेकची."

श्यामराव पडद्याजवळ वाकले. मग विचारलं, "तुले समजलं होतं का गा? तवा?"

वनिता खिडकीपासून वळली.

"नाही," मी म्हणालो. "अ‍ॅक्टिंग वाटली."

श्यामरावांचा चेहरा हळूहळू सैल झाला. ते चक्क हसले. "तुह्या कानाले फसवलं म्हंजे अ‍ॅक्टिंग बराबर होती म्हणाची." मुलीकडे वळून म्हणाले, "ऐकलं का वं?" मी पेन ड्राइव्ह भरून दिला.

काही गावांत ते जमलं, असं वनिता सांगत होती. मुका बाप तोंड उघडायचा आणि मंडप गार व्हायचा. मग एका मंडईत आवाजवाल्याच्या हाताला उशीर झाला. श्यामरावांनी तोंड उघडलं, काही आलं नाही, ते पडले, आणि पडल्यानंतर किंकाळी आली. लोक हसले. पोट धरधरून हसले. त्या प्रयोगानंतर ते गेले नाहीत. आता वाडीला असतात. सकाळी ट्रान्सपोर्टच्या अंगणात खुर्ची टाकून बसतात, ट्रकवाले त्यांना नमस्कार करतात आणि ते हात हलवतात.

पुरवणी निघाली. रेणुकाबाईंनी कौतुकाने एक चित्रफीत पाठवली. निळा समुद्र, वरून दिसणारी नखाएवढी जहाजं. एक जहाज पेटतं आणि त्यातून एकेचाळीस येते, जरा दुरून आल्यासारखी, लाटांच्या आवाजात मिसळून. खेळणारा तिकडे बघतही नाही, तो डावीकडे नवी जहाजं बांधत असतो. मग दुसरं जहाज पेटतं. मी कान देऊन ऐकलं. खालचा तो बारीक आवाज त्यांनी कापलेला नव्हता, उलट थोडा वाढवला होता.

मी कुठेही असलो तरी आता तो आवाज मला आधी ऐकू येतो. स्टुडिओ या उन्हाळ्यात बंद केला. गाद्या काढल्या, कापूस पिंजाऱ्याला दिला. अनसूयाबाईंच्या अक्षरांची खोळ बायकोने धुऊन टाकली.

हे लिहायला मी वर्ष घेतलं, कारण श्यामरावांकडे त्या हंगामातलं एवढंच उरलं आहे की त्यांनी माझ्या कानाला फसवलं. ते मी काढून घेतोय. पण वनिता दिवाळी अंक आणते आणि बापाला वाचून दाखवते, हे मला ठाऊक आहे, आणि त्या दिवशी खिडकीपासून वळून तिने माझ्याकडे कसं पाहिलं होतं तेही ठाऊक आहे. तिला माझं 'नाही' पटलं नव्हतं. बापासाठी ती गप्प बसली.

तेव्हा वनिता, हे सावकाश वाच. वर मी लिहिलं आहे की मला तो अभिनय वाटला. ते खोटं आहे. माझा हात बंद करायच्या बटणावर गेला होता. बोट टेकलं होतं. रेणुकाबाई कमाल म्हणाल्या, आणि मी ते बोट उचलून चांदणी लावली.

श्यामराव, चाळीसपर्यंत अ‍ॅक्टिंग होती, आणि तशी मी जन्मात ऐकली नाही. एकेचाळिसावी मला ऐकू आली होती.